शून्य पोळ्या सांगितल्या, डब्यात चार आल्या: ‘इफ’च्या कंसातला परत परत येणारा बग

आधी लक्षण सांगते. फॉर्ममध्ये कोणी ० भरलं की प्रोग्रॅम समजतो, काही भरलंच नाही, आणि आपल्या मनाने ठरलेली किंमत घालून मोकळा होतो. तुम्ही ती ओळ दुरुस्त करता, दोन दिवस बरे जातात, आणि मग तोच प्रकार मागच्या दाराने घरात येतो. माझ्याकडे हा पाहुणा चार वेळा येऊन गेलाय. चौथ्या खेपेला मी ओळ दुरुस्त करणं सोडलं आणि तो येतो कुठून ते शोधलं. तुमच्याकडेही येत असेल तर पुढचं वाचा. ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून कोड देवनागरीतच लिहिलाय; टाइप करताना मूळ कीवर्ड वापरा.

माझी मावशी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजच्या एका गल्लीत डबे देते. गिऱ्हाईक म्हणजे शिकायला आलेली मुलं, काही नोकरदार आणि एकटे राहणारे दोन-तीन म्हातारे. तिच्यासाठी मी एक छोटं ॲप लिहिलंय: ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर पायथन, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. रात्री आठपर्यंत उद्याच्या पोळ्या सांगायच्या. काही नाही सांगितलं तर चार. एवढाच नियम.

पहिली तक्रार डबे पोचवणाऱ्या पोराने आणली. “दीदी, इनकी रोटी रोज़ वापस आ रही है.” एक मुलगा फक्त भात खातो. तो रोज इमानदारीने ० भरायचा आणि त्याला रोज चार पोळ्या जायच्या. मावशीने परत आलेला डबा माझ्यापुढे उघडून ठेवला. चार पोळ्या, घडी न मोडलेल्या, तुपाचा डाग तसाच. “अगं, त्याने शून्य लिहिलंय ना स्वच्छ! तुझ्या यंत्राला वाचता येत नाही का?”

यंत्राला वाचता येत होतं. ओळ ही होती:

पोळ्या = नंबर(रकाना.व्हॅल्यू) || ४

ही ओळ लिहिताना माझ्या मनात होतं, “आकडा असेल तर तो घे, नसेल तर चार.” पण त्या दोन उभ्या रेघांना “असेल-नसेल” कळत नाही. डावीकडची किंमत खोट्यात जमा होत असेल तर उजवीकडची घ्यायची, इतकंच त्यांचं काम. जावास्क्रिप्टमध्ये खोट्यात जमा होणाऱ्या किमती आठ: फॉल्स, शून्य, उणे शून्य, बिगइंटचा (प्रचंड पूर्णांकांच्या प्रकाराचा) शून्य, नॅन (म्हणजे “हा आकडाच नाही”), रिकामी स्ट्रिंग (म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर), नल (“काही नाही” अशी खूण) आणि अनडिफाइन्ड (किंमत दिलेलीच नाही). नववी एक चमत्कारिक वस्तू आहे, डॉक्युमेंट.ऑल. ऑब्जेक्ट असूनही ती खोटी धरली जाते, ती जुन्या ब्राउझरांसाठी लिहिलेला कोड मोडू नये म्हणून. तिचा आपल्याला उपद्रव नाही. बाकी सगळं खरं. अवतरणातला “०” खरा, “फॉल्स” ही अक्षरं खरी, रिकामी यादीसुद्धा खरी.

म्हणून ही गंमत बघा: रकान्यातून आलेला “०” हा मजकूर होता, तोवर खरा होता. नंबर() मधून गेला, आकडा झाला आणि त्या क्षणी खोटा ठरला. कन्सोलवर दोन्ही वेळा शून्यच दिसतो. बग शोधायला संध्याकाळ गेली ती यामुळे.

पहिला इलाज, आणि तो का पुरला नाही

कोणालाही विचारा, सांगतील की || काढ आणि ?? लाव. २०२० च्या जावास्क्रिप्टमध्ये आलेलं हे चिन्ह फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच “नाही” म्हणतं. शून्याला हात लावत नाही. सल्ला चुकीचा नाही. मी लावलं, भातवाल्याच्या पोळ्या बंद झाल्या, मी खूश.

दुसऱ्या दिवशी सहा डबे बिनपोळीचे गेले.

ज्यांनी रकाना रिकामा सोडला होता त्यांचे. कारण जावास्क्रिप्टमध्ये नंबर("") चं उत्तर शून्य येतं. नॅन नाही, नल नाही, चक्क शून्य. नुसती स्पेस दाबलेली असली तरी शून्यच. आधीच्या ओळीत हा शून्य || च्या कचाट्यात सापडून चार होत होता, म्हणजे माझी चूक दुसऱ्या चुकीने झाकली गेली होती. ?? ने झाकण काढलं. एखादा बग दुरुस्त केल्यावर लगेच नवा उगवला तर तो बहुतेक वेळा नवा नसतोच. आधीपासून तिथेच असतो, फक्त सावलीत.

मग मी आधी रिकाम्या स्ट्रिंगसाठी वेगळी अट घातली. चार-पाच दिवस शांतता.

मराठी आकडे

तिसऱ्या खेपेला गुन्हेगार मावशीच निघाली. ज्यांना फोनवर सांगायची सवय त्यांची मागणी ती स्वतः भरते, आणि तिच्या फोनवर कीबोर्ड मराठी. ती ३ लिहिते तो आपला, देवनागरी. रकाना साध्या मजकुराचा असल्याने ब्राउझरने तो मुकाट्याने घेतला. पण जावास्क्रिप्टच्या नंबर() ला देवनागरी अंक कळत नाहीत, उत्तर नॅन. ?? ने नॅन पुढे सोडला, कारण तो नलही नाही आणि अनडिफाइन्डही नाही. पुढे सर्व्हरला पाठवायला जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा साचा) भरताना त्याचं नल झालं, कारण जेसनला नॅन ठाऊकच नाही. सर्व्हरवर पायथनच्या हाती नन, म्हणजे पायथनचं नल, पडलं. टेबलातल्या त्या कॉलमला रिकामं चालत नाही, म्हणून डेटाबेसने मागणी परत फेकली.

यातली बोच अशी की तोच मराठी ३ सरळ पायथनच्या इंट() ला दिला असता तर त्याने निमूटपणे तीन म्हटलं असतं. पायथन युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखतो. मी मध्ये जावास्क्रिप्टला दुभाषी नेमलं आणि दुभाष्यानेच अर्थ गिळला.

रात्रीचे साडेनऊ झाले होते, मावशी फोनवर, सकाळची कणीक किती भिजवायची ते ठरायचं होतं. घाईत मी सर्व्हरवर लिहिलं:

पोळ्या = मागणी.गेट("पोळ्या") ऑर ४

आणि झोपले. हुशार वाचकाने कपाळाला हात लावला असेल. पायथनचं ‘ऑर’ म्हणजे जावास्क्रिप्टच्या || चं सख्खं भावंड. नन आलं तर चार, आणि शून्य आला तरी चार. दुसऱ्या दिवशी भातवाल्याच्या चार पोळ्या घडी न मोडता परत. गाडी फिरून पुन्हा बाड्यावर, निघाली होती तिथेच.

वहीत तीन खुणा होत्या

चौथ्या वेळी मी लॅपटॉप बंद केला आणि मावशीची जुनी वही मागितली. ॲपच्या आधी ती हिशोब कसा ठेवायची ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. प्रत्येक दिवसाच्या रकान्यात आकडा. ज्याला पोळ्या नकोत त्याच्यापुढे ठसठशीत ०. जो गावाला गेलाय त्याच्यापुढे आडवी रेघ. आणि ज्याने काही कळवलं नाही त्याची जागा कोरी. कोरी म्हणजे चार. तिचं कधीच चुकलं नव्हतं. तीन वेगळ्या गोष्टी होत्या आणि मी त्या दोन खिशांत कोंबल्या होत्या, खरं आणि खोटं.

मावशीच्या गच्चीवरून किल्ला दिसतो. त्याच्या पूर्वेच्या चढावर, ग्वाल्हेर दरवाजाने वर जाताना, एकाच खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. आतल्या शिलालेखावर विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा. त्या २७० आणि ५० मधले शून्य छोट्या वर्तुळांसारखे कोरलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या लेखी शून्यांत त्यांची गणना होते. कोरणाऱ्याने शून्याला “काही नाही” समजून जागा सोडली असती तर बाग २७ हातांची झाली असती. मी लहानपणापासून तिथून शेकडो वेळा गेले असेन. कामाला मात्र वही आली.

तर इलाज. दारातच एकदा निवाडा करायचा आणि आत फक्त निवाडा झालेलं सोडायचं:

मजकूर = रकाना.व्हॅल्यू.ट्रिम()
इफ (मजकूर === "") रिटर्न नल
नग = नंबर(अंक_बदल(मजकूर))
इफ (!नंबर.इजइंटिजर(नग) || नग < ०) थ्रो "आकडा नीट लिहा"
रिटर्न नग

अंक_बदल मध्ये जादू नाही. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. दहाही अंक ओळीने आहेत, तेव्हा २३५८ वजा केले की झालं. शेवटून दुसऱ्या ओळीतल्या || ला घाबरू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना खरोखरचे हो-नाही आहेत, तिथे ते शोभतं.

आणि “न सांगितल्यास चार” हा नियम आता एकाच ठिकाणी, सर्व्हरवर:

इफ पोळ्या इज नन: पोळ्या = ४

‘इफ नॉट पोळ्या’ नाही. ‘इज नन’. ही दोन वाक्यं वेगळे प्रश्न विचारतात, आणि सगळा घोळ आपण एक विचारून दुसऱ्याचं उत्तर गृहीत धरतो यात आहे. गावाला गेलेल्यांची आडवी रेघ मी वेगळ्या कॉलममध्ये टाकली. ती पोळ्यांच्या रकान्यात उणे एक म्हणून ठेवायचा मोह झाला होता. उणे एकसुद्धा ‘इफ’मध्ये खराच ठरतो, म्हणून आवरला.

“फॉल्स” नावाचं खरं

पोळ्यांचं निस्तरलं तेव्हा चातुर्मास लागला होता. डब्यातल्या एका आजोबांना चार महिने कांदा-लसूण वर्ज्य. त्यांच्या नातवाने ॲपमध्ये कांद्याची खूण काढली. तरी पहिल्याच दिवशी कांदा-बटाट्याची भाजी गेली. पोराने सांगितलं, आजोबांनी डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि एक शब्द न बोलता परत दिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये फक्त मजकूर राहतो. तुम्ही फॉल्स ठेवलं की “फॉल्स” ही पाच इंग्रजी अक्षरं ठेवली जातात. परत काढून ‘इफ (कांदा)’ विचारलं की पाच अक्षरांची स्ट्रिंग रिकामी नाही, म्हणून खरी. पायथनमध्येही बूल("फॉल्स") चं उत्तर ट्रू. सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये डीबग फॉल्स लिहूनही डीबग चालूच राहतो, तो याच कारणाने. इलाज: ठेवताना जेसन.स्ट्रिंगिफाय, काढताना जेसन.पार्स; किंवा काढल्यावर === "ट्रू" अशी सरळ तुलना.

फॉर्मच्या चेकबॉक्सची तऱ्हा आणखी वेगळी. खूण असेल तर त्याची किंमत जाते (वेगळी दिली नसेल तर “ऑन”), खूण नसेल तर काहीच जात नाही. “नाही” असं कोणी सांगतच नाही, नुसतं गप्प बसतं. ज्याने खूण काढली आणि ज्याला तो प्रश्नच दिसला नाही, ते दोघे सर्व्हरला सारखेच. जिथे फरक पडतो तिथे चेकबॉक्स न वापरता हो आणि नको अशी दोन रेडिओ बटणं द्या. मी तेच केलं.

यादीतून गायब माणसं

मग डेटाबेस. स्वयंपाकघरासाठी दोन याद्या निघतात, एक कांद्याची आणि एक बिनकांद्याची. पहिलीची अट: कांदा <> 'नको'. माणसं मोजली तर दोन्ही याद्या मिळून एकूण डब्यांपेक्षा कमी. ज्यांनी उत्तरच दिलं नव्हतं, ज्यांच्या कॉलममध्ये नल होतं, ते कुठल्याच यादीत नव्हते.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, खरं-खोटं दोनच नाहीत, तिसरं आहे: माहीत नाही. नल <> 'नको' याचं उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, माहीत नाही; आणि ‘व्हेअर’ फक्त ठणठणीत खऱ्यालाच आत घेतं. पोस्टग्रेसमध्ये कांदा इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'नको' लिहिलं की नलवाले परत येतात. नाहीतर “ऑर कांदा इज नल” असं जोडा. ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल शिरला तर एकही ओळ मिळत नाही, तेही या तिसऱ्या उत्तरामुळेच. रिपोर्ट अचानक कोरा आला तर आधी तिथे बघा.

खरं सांगायचं तर एसक्यूएलवर मी चिडले नाही. “माहीत नाही” ला वेगळी जागा देणारी ही सगळ्या साखळीतली एकटीच, मावशीच्या वहीनंतर.

रिकाम्या यादीचं थोडक्यात: पायथनमध्ये ती खोटी, जावास्क्रिप्टमध्ये खरी. माझ्या स्क्रीनवर ‘इफ (सुट्ट्या)’ मुळे झाडून सगळे “सुट्टीवर” दिसत होते. सुट्ट्या.लेंग्थ > ० लिहा. जावास्क्रिप्टमध्ये [] == फॉल्स हे खरं असतं, तरी इफ ([]) आत शिरतं; यावर डोकं शिणवू नका, दोन बरोबरच्या खुणांऐवजी तीन वापरा. रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टमधून स्क्रीन बांधायची लायब्ररी) थकबाकी && <इशारा/> लिहिलं की पैसे चुकते केलेल्यांच्या नावाखाली एकटा ० लटकतो, कारण रिॲक्ट फॉल्स गाळतं पण शून्य छापतं. थकबाकी > ० && लिहा. आणि नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या ॲरेवर (आकड्यांच्या यादीवर) ‘इफ’ लावून बघा: एकापेक्षा जास्त घटक असतील तर तो सरळ एरर देतो की खरं-खोटं संदिग्ध आहे, काय ते नीट विचारा. मला हा खाष्टपणा आवडतो.

दुसऱ्या भाषेतून आलेला कोड असेल तर एवढं तपासा. रूबीत फक्त नील आणि फॉल्स खोटे, शून्य खरा. पीएचपीत अवतरणातला “०” खोटा, पण “०.०” खरा, आणि स्ट्रपॉसने शब्द अगदी सुरुवातीला सापडला तर जागा शून्य मिळते, जी ‘इफ’मध्ये “सापडला नाही” अशी वाचली जाते. (आकडे अर्थात इंग्रजी कीबोर्डवरचे. मराठी “०” तिथेही खराच, तो नुसता मजकूर.) सीमध्ये शून्य खोटा, पण शेलमध्ये प्रोग्रॅमने शून्य परत दिला म्हणजे काम फत्ते. जावा आणि गो ‘इफ’मध्ये बूलियनशिवाय काही घेतच नाहीत, त्या लोकांना हा लेख करमणूक म्हणून वाचता येईल.

आणि हे नवशिक्यांचेच बग असतात असं समजू नका. पायथनमध्ये कित्येक वर्षं मध्यरात्रीची वेळ खोट्यात जमा होत होती. कोणी वेळ भरली आहे का हे ‘इफ वेळ’ असं तपासलं की दिवसभर सगळं सुरळीत, आणि ठीक बारा वाजता “वेळ भरलेली नाही”. २०१५ च्या ३.५ आवृत्तीत ते काढून टाकलं.

तुमच्याकडे शोधायचं कसं

कन्सोलवर किंमत एकटी छापू नका, तिचा प्रकारही छापा. जावास्क्रिप्टमध्ये टाइपऑफ, पायथनमध्ये रेप्र. अवतरणं दिसली की अर्धा उलगडा होतो. मग प्रत्येक रकान्यात हे एकेक घालून बघा: इंग्रजी शून्य, मराठी शून्य, कोरा, नुसती स्पेस, “फॉल्स” हा शब्द, आणि रकाना मुळी पाठवलाच नाही तर. सहाही ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत जाऊ द्या आणि टेबलात काय उतरलं ते डोळ्यांनी वाचा. मध्येच थांबलात तर माझ्यासारखी तिसरी-चौथी फेरी होईल. कोडमध्ये || आणि ‘ऑर’ यांच्या उजवीकडे आकडा किंवा स्ट्रिंग दिसली की थबका. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर लिंटरचा (कोड न चालवता चुका दाखवणाऱ्या साधनाचा) स्ट्रिक्ट-बूलियन-एक्स्प्रेशन्स हा नियम चालू करा. पहिल्या दिवशी तो इतकं ओरडतो की बंद करावासा वाटतो, पण त्या ओरडण्यातच माझे दोन बग निघाले.

भातवाल्याचा डबा आता रिकामा परत येतो. आजोबा कार्तिकीपर्यंत तरी निर्धास्त आहेत. नवीन तिढा कालच आला: एकाला अडीच पोळ्या हव्यात, आणि माझा इजइंटिजर त्याला दारातच अडवतो. मावशीला म्हटलं, अपूर्णांकांची सोय करते. ती म्हणाली, “राहू दे. तू तीन लिही, उरलेली अर्धी मी खाते.”